हरभरा, मीठ आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण : संप्रेरकांवरचा पहिला प्रयोग कसा मांडावा

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ‘जीए’ (जिबरेलिक आम्ल) म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. घड कोणत्या दिवशी किती पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅमच्या) द्रावणात बुडवायचा, हे त्याला पाठ असते. कोकणातील हापूसच्या बागायतदारालाही पॅक्लोब्युट्राझोल परिचयाचे आहे. हे रसायन झाडातील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखते, त्यामुळे पालवीचा जोर ओसरतो आणि मोहोर लवकर येतो. वनस्पतींची संप्रेरके, म्हणजे वाढीचे आणि ताणाचे निरोप नेणारी त्यांची रसायने, हा केवळ पाठ्यपुस्तकातील धडा नव्हे, हे आपल्याकडील शेतकऱ्याने केव्हाच ओळखले आहे. नवीन आहेत ते नॅनोकण. हे कण पिकाच्या संप्रेरकांमध्ये बदल घडवून त्याला दुष्काळ, क्षार आणि उष्णता सोसण्याचे बळ देतात, असे दावे आता प्रबंधांतही वाचायला मिळतात आणि बाटल्यांच्या वेष्टनांवरही. असा दावा स्वतः तपासून पाहू इच्छिणाऱ्या, कृषी किंवा वनस्पतिशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर वर्गातील नवख्या अभ्यासकासाठी हा लेख लिहिला आहे.

उदाहरण म्हणून मी हरभरा आणि झिंक ऑक्साइड घेतले आहे. हरभरा क्षारांना लवकर बळी पडतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात या पिकाला खारेपणाशी रोजच झगडावे लागते. झिंक ऑक्साइड स्वस्त आहे, सहज मिळते आणि त्यावर भरपूर काम झालेले आहे. शिवाय त्याच्याबाबतीत होणाऱ्या चुका इतक्या ठरावीक आहेत की शिकणाऱ्याला त्या आधीच दाखवता येतात.

आधी काय समजून घ्यावे

ज्या पदार्थाच्या कणाचे किमान एक माप १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला सामान्यतः नॅनोपदार्थ म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. आकार लहान झाल्याने नेमके काय बदलते, ते एका हिशेबातून स्पष्ट होते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होते. पदार्थ तेवढाच राहतो, पण पाणी, हवा आणि पेशी यांच्या संपर्कात येणारा भाग दहा लाख पटींनी वाढतो. म्हणून तो लवकर विरघळतो, लवकर प्रतिक्रिया देतो आणि तितक्याच लवकर एकमेकांना चिकटून त्याच्या गुठळ्याही होतात.

आता क्षारताणाकडे वळू. मातीतील मीठ वाढले की पिकावर दोन टप्प्यांत आघात होतो. पहिल्या टप्प्यात मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. जमीन ओली असते, पण रोप तहानलेले राहते. दुसऱ्या टप्प्यात, काही दिवसांनी, सोडियम पानांत साठत जातो, पोटॅशियमची जागा बळकावतो आणि जुनी पाने कडेपासून करपू लागतात. नॅनोकणांनी रोपाला मदत केली असे म्हणताना ती कोणत्या टप्प्यात केली, हे सांगता आले पाहिजे, कारण दोन्ही टप्प्यांत काम करणारी संप्रेरके एकच नसतात.

पहिल्या टप्प्यातील मुख्य संप्रेरक ॲबसिसिक आम्ल आहे. पाण्याची ओढ जाणवताच त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि पानांवरील पर्णरंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते, पण त्याची किंमतही मोजावी लागते. रंध्रे मिटल्याने कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, ऊन मात्र पडतच राहते. त्या ऊर्जेला वाट न मिळाल्याने हरितलवकांत सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे आक्रमक ऑक्सिजन-रेणू तयार होतात. हे रेणू पेशींची हानी करतात, आणि अल्प प्रमाणात असताना संदेशवाहकाचे कामही करतात. रंध्रे मिटवण्याचा ॲबसिसिक आम्लाचा निरोप पोहोचवण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा वाटा असतो. ही दुहेरी भूमिका नीट ध्यानात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

उगवणीच्या वेळी चित्र निराळे असते. तेथे ॲबसिसिक आम्ल बियाला झोपवून ठेवते, जिबरेलिन त्याला जागे करते आणि या दोघांच्या तोलावर कोंब केव्हा फुटणार ते ठरते. ऑक्झिन मुळांची लांबी आणि फांद्या ठरवते. सायटोकायनिन पान हिरवे ठेवते आणि ताणाखाली कमी होते. इथिलीन वाढले की पाने पिवळी पडून गळतात. जॅस्मोनिक आणि सॅलिसिलिक आम्ल मुख्यतः कीड-रोगांच्या प्रतिकारासाठी ओळखली जातात, तरी क्षारताणातही त्यांची पातळी हलते.

या जाळ्यात नॅनोकण तीन वाटांनी हात घालू शकतात आणि या तीन वाटांची गल्लत करणे ही नवख्यांची पहिली चूक असते. पहिली वाट पोषणाची आहे. कण विरघळतो आणि त्यातून आयन सुटतो. जस्ताची कमतरता असलेल्या झाडात ऑक्झिन घटते, हे फोल्के स्कूग यांनी १९४० मध्ये टोमॅटोवर दाखवले होते. त्यामुळे जस्त मिळताच मुळे जोमाने वाढली, तर त्याचे श्रेय ‘नॅनो’ला देण्याआधी जस्ताला द्यावे लागते. दुसरी वाट संप्रेरकाच्या कामात थेट अडथळा आणण्याची आहे. इथिलीन ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनात तांब्याचा आयन असतो. चांदीचा आयन तिथे पोहोचला की इथिलीनचा निरोप पुढे जात नाही. चांदीचा हा इथिलीनविरोधी गुण १९७६ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि फुलांच्या व्यापारात कार्नेशन टिकवण्यासाठी सिल्व्हर थायोसल्फेट याच कारणाने वापरले जाते. नॅनोचांदीमुळे पाने गळायची थांबली, असे कोणी सांगितले, तर विरघळलेल्या चांदीने किती काम केले, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते. तिसरी वाट खऱ्या अर्थाने कणाच्या पृष्ठभागाची आहे. सिरियम ऑक्साइडचा कण आपली रासायनिक अवस्था पालटत आक्रमक ऑक्सिजन-रेणू पुन्हा पुन्हा निष्प्रभ करतो. ऋणभारित सिरियम कण ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या हरितलवकांत पोहोचून ताणाखालील प्रकाशसंश्लेषण सावरतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले. पण हेच रेणू संदेशवाहकही असल्यामुळे ते पुसले गेले की संप्रेरकांचे निरोपही बदलतात.

पायरी पहिली : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘नॅनोकणांचा हरभऱ्यावरील परिणाम’ हा प्रश्न नाही, ते प्रबंधाचे शीर्षक आहे. ‘झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांत भिजवलेले हरभऱ्याचे बी मिठाच्या पाण्यात लवकर उगवते का, आणि उगवत असल्यास ते जस्तामुळे, केवळ भिजवल्यामुळे की कणाच्या आकारामुळे?’ हा प्रश्न आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात.

पायरी दुसरी : कण ओळखून घ्या

बाटलीवर ‘३० नॅनोमीटर’ लिहिलेले असते. तो कोरड्या, सुट्या कणाचा आकार असतो. पाण्यात टाकल्यावर हेच कण एकमेकांना चिकटून कित्येक शे नॅनोमीटरच्या गुठळ्या होतात आणि बियाच्या वाट्याला येतात त्या गुठळ्याच. म्हणून दोन मोजमापे आवश्यक असतात. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून सुट्या कणाचा आकार कळतो, आणि डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगने, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून, पाण्यातील गुठळीचा. त्याच यंत्रावर बहुधा झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या विद्युतभाराचे मापही मिळते. ते शून्याजवळ असेल, तर कण लवकरच तळाशी बसणार, असे समजावे. आपल्या महाविद्यालयात ही यंत्रे नसतील, तर विद्यापीठांच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रांत शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. हा खर्च टाळू नये.

अनेक विद्यार्थी कडुनिंबाच्या किंवा तुळशीच्या अर्कातून कण स्वतः तयार करतात. त्याला हरित संश्लेषण म्हणतात आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र पाल्याच्या अर्कात फिनॉलयुक्त द्रव्ये आणि वनस्पतीची स्वतःची संप्रेरकेही असतात, ती कणांवर चिकटून राहतात. अशा वेळी नुसत्या अर्काची वेगळी तुलना ठेवली नाही, तर कण आणि पाला यांपैकी काम कोणी केले, हे कधीच कळणार नाही.

पायरी तिसरी : द्रावण नव्हे, निलंबन

झिंक ऑक्साइड पाण्यात फारच थोडे विरघळते, त्यामुळे आपण बनवतो ते निलंबन, म्हणजे न विरघळलेले कण पाण्यात पसरलेले मिश्रण असते. ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कणांना झपाट्याने एकत्र आणतात. मोजलेली भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवावी, मग उरलेले पाणी घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये सुमारे अर्धा तास ठेवावे. बाथमधील पाणी तापू लागले, तर मधूनमधून थांबावे. निलंबन त्याच दिवशी वापरावे, कालचे उरलेले आज वापरू नये.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी येथेच चुकलो होतो. शंभर मिलिग्रॅम प्रति लिटरचे निलंबन बीकरमध्ये घेऊन त्यात बी भिजत घातले आणि आठ तासांनी परत आलो. पाणी नितळ झाले होते, तळाला पिठासारखा पांढरा थर बसला होता आणि त्या थरात रुतलेल्या दाण्यांवर भुकटीचे लेप चढले होते. वरच्या दाण्यांना जवळपास काहीच मिळाले नव्हते, खालच्यांना ठरवलेल्यापेक्षा कितीतरी अधिक. वहीत मात्र दोघांपुढे ‘१०० पीपीएम’ असेच लिहिले होते. तेव्हापासून मी बी भिजत असताना भांडे मंद फिरणाऱ्या शेकरवर ठेवतो. शेकर नसेल, तर दर १५ मिनिटांनी भांडे हलवण्यासाठी कोणीतरी जवळ बसावे.

कोरडी भुकटी हाताळताना एन-९५ मुखपट्टी, नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घालावा, पंखा बंद ठेवावा. सांडलेली भुकटी झाडू नये, ओल्या टिशूने टिपून वेगळ्या पिशवीत टाकावी.

पायरी चौथी : तुलनेचे गट

संपूर्ण प्रयोगाचा प्राण या पायरीत आहे, त्यामुळे तिला सर्वांत अधिक वेळ द्यावा. हरभऱ्यासाठी मी पाच गट सुचवतो : न भिजवलेले कोरडे बी, नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेले बी, नॅनो झिंक ऑक्साइडमध्ये भिजवलेले, साध्या जाड कणांच्या झिंक ऑक्साइडमध्ये भिजवलेले आणि झिंक सल्फेटमध्ये भिजवलेले.

पाण्याचा गट अनेकांना अनावश्यक वाटतो, पण तसे नाही. पेरणीपूर्वी बी रात्रभर पाण्यात भिजवणे ही जुनी आणि गुणकारी पद्धत आहे आणि हरभऱ्यात तिचा लाभ स्पष्ट दिसतो. नॅनो गटाची तुलना कोरड्या बियाशी केली, तर पाण्याचे श्रेय कणांच्या खात्यात जमा होते. झिंक सल्फेटचा गट विरघळलेल्या जस्ताचा हिशेब देतो आणि जाड कणांचा गट आकाराचा.

जस्ताचे प्रमाण मात्र तिन्ही गटांत समान हवे आणि त्यासाठी गणित करावे लागते. झिंक ऑक्साइडच्या वजनात सुमारे ८०.३ टक्के जस्त असते, तर सात रेणू पाणी असलेल्या झिंक सल्फेटमध्ये सुमारे २२.७ टक्के. म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम झिंक ऑक्साइडइतके जस्त मिळण्यासाठी लिटरमागे सुमारे ३५३ मिलिग्रॅम झिंक सल्फेट घ्यावे लागते. दोन्ही १०० मिलिग्रॅम घेऊन ‘सारखी मात्रा’ म्हणणे ही चूक मी छापील कामांतही पाहिली आहे. प्रयोगशाळेच्या दर्जाचे झिंक सल्फेट वापरावे, खताच्या पोत्यातील नको.

यातही एक अडचण उरते. झिंक सल्फेटमधील सगळे जस्त पहिल्या क्षणापासून विरघळलेले असते, तर ऑक्साइडमधील हळूहळू सुटते. म्हणून शक्य असल्यास सहावा गट ठेवावा : नॅनो निलंबन आठ तास तसेच ठेवून सेंट्रिफ्यूज करावे आणि वरच्या नितळ पाण्यात बी भिजवावे. हे पाणी आणि मूळ निलंबन यांचा परिणाम सारखाच आला, तर कणाने स्वतः काही केले नाही, ते केवळ जस्ताचे भांडार होते, हे जवळपास सिद्ध होते. निष्कर्ष म्हणून हेही मोलाचे आहे.

मात्रा एकच घेऊ नये. लिटरमागे २५, ५०, १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅम अशी शिडी आधी उगवणीच्या छोट्या चाचणीत चालवावी आणि कुंड्यांसाठी त्यातील एक मात्रा निवडावी. पीक बदलले की मात्रेचा अर्थ किती बदलतो, याची दोन उदाहरणे आहेत. भुईमुगावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात १००० पीपीएम नॅनो झिंक ऑक्साइडने उगवण आणि वाढ सुधारली, २००० पीपीएमला मात्र अपाय दिसला. उलट २००७ मधील एका बहुचर्चित अभ्यासात मुळा, मोहरीवर्गीय रेप आणि रायगवत यांच्या कोवळ्या मुळांची वाढ लिटरमागे २० ते ५० मिलिग्रॅमच्या आसपासच निम्म्यावर आली होती. पहिल्या अभ्यासाचा आकडा उचलून तो दुसऱ्या पिकावर ओतणे धोक्याचे आहे.

पायरी पाचवी : बी, मीठ आणि कुंड्या

एकाच वाणाचे, एकाच हंगामाचे, बीजप्रक्रिया न केलेले बी घ्यावे. दुकानातील बियाण्यावर अनेकदा बुरशीनाशकाचा थर असतो आणि तो सगळे निकाल बिघडवतो. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन मिनिटे बुडवून बी पाच वेळा धुवावे. असे केले नाही, तर ओल्या कागदावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांवर करडी-काळी लव चढते आणि आपण उगवणीऐवजी बुरशी मोजत बसतो. मग आठ तास भिजवावे, त्याहून अधिक नाही. डाळवर्गीय बी जास्त वेळ भिजले की डाळिंब्या फाटतात आणि आतले द्रव्य पाण्यात उतरते. नंतर सावलीत, बियाचे वजन मूळ वजनाजवळ येईपर्यंत वाळवावे. हे वजन करूनच ठरवावे, हाताला कोरडे लागते यावर विसंबू नये.

उगवण चाचणी उगवण कागदाच्या गुंडाळीत घ्यावी आणि पाचव्या व आठव्या दिवशी मोजणी करावी. ताणाच्या गटासाठी ५० मिलिमोलर मीठ पुरेसे होते, म्हणजे लिटरमागे २.९२ ग्रॅम सोडियम क्लोराइड. कुंड्यांत हरभऱ्यासाठी ४० मिलिमोलरपर्यंत, म्हणजे लिटरमागे २.३४ ग्रॅमपर्यंत जावे, आणि तेही एका दमात नाही. रोपे पंधरा दिवसांची झाल्यावर आधी २० मिलिमोलर आणि दोन दिवसांनी ४० अशा पायऱ्या कराव्यात. एकदम खारे पाणी ओतले, तर रोपाला बसतो तो धक्का शेतात सहसा बसत नाही. कुंडीखाली ताटली ठेवून झिरपलेल्या पाण्याची विद्युत वाहकता दर आठवड्याला मोजावी. कुंडीत प्रत्यक्ष किती खारेपणा आहे, हे त्यावरूनच कळते.

पाच गट, मीठ असलेले आणि नसलेले, प्रत्येकी चार कुंड्या : एकूण ४० कुंड्या होतात. त्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी आणि दर आठवड्याला बदलावी. भिंतीजवळची रांग नेहमीच अधिक तापते.

खारपाण पट्ट्याविषयी येथेच एक खुलासा करतो. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता चार डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असली की जमीन क्षारयुक्त मानतात. चोपण जमिनीचा दोष निराळा असतो. तिच्यात मातीच्या कणांना चिकटलेला (विनिमयक्षम) सोडियम वाढून माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि सामूही (पीएच) चढतो. खारपाण पट्ट्यातील अडचणीत या चोपणपणाचाही भाग आहे. कुंडीतील मीठ-पाण्याने फक्त पहिला प्रकार उभा राहतो, म्हणून ‘खारपाण पट्ट्यासाठी उपाय’ असे शीर्षक या प्रयोगाला देऊ नये.

पायरी सहावी : साधी मोजमापे आधी

संप्रेरके मोजणे खर्चिक आहे, पण त्यांच्या कामाच्या खुणा स्वस्तात दिसतात. पर्णरंध्रांसाठी पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, तो वाळला की चिकटपट्टीने अलगद सोलून काचपट्टीवर चिकटवावा. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठे केल्यावर घेवड्याच्या दाण्यांसारख्या रक्षक पेशींच्या जोड्या आणि त्यांच्यामधील फट स्पष्ट दिसते. मिठाच्या गटात ती केवळ रेघेएवढी उरलेली असते. हे ठसे सगळ्या गटांतून सकाळी एकाच तासात घ्यावेत, कारण दुपारी रंध्रे तशीही आवळतात.

पानाची सापेक्ष जलधारणा मोजण्यासाठी ताजे, पाण्यात ठेवून पूर्ण फुगलेले आणि वाळवलेले अशी तीन वजने लागतात. ताज्या आणि वाळलेल्या वजनातील फरकाला फुगलेल्या आणि वाळलेल्या वजनातील फरकाने भागून शंभराने गुणावे. पेशींचे आवरण किती फाटले, हे पानाच्या चकत्यांतून पाण्यात उतरणाऱ्या क्षारांवरून कळते : आधी एकदा वाहकता मोजावी, मग उकळून पुन्हा. मुळांची लांबी, फांद्या आणि हरभऱ्यात विशेषतः मुळांवरील, हवेतील नत्र बांधणाऱ्या गाठींची संख्या नोंदवावी. सोयाबीनवरील २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात मातीतील सिरियम ऑक्साइडच्या कणांनी गाठींतील नत्र स्थिरीकरण घटवले होते आणि झिंक ऑक्साइडमधील जस्त झाडाच्या खाण्याच्या भागापर्यंत पोहोचले होते. डाळवर्गीय पिकावर काम करताना गाठी न मोजणे मला अक्षम्य वाटते. फ्लेम फोटोमीटर उपलब्ध असेल, तर पानातील सोडियम आणि पोटॅशियम जरूर मोजावेत. दुसऱ्या टप्प्याचा निवाडा त्यांच्या गुणोत्तरावरच होतो.

पायरी सातवी : संप्रेरकांपर्यंत कसे पोहोचावे

थेट मोजणीसाठी द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमिती जोडलेले यंत्र लागते. प्रतिपिंडांवर आधारित एलायझा किटही मिळतात, त्यांची अचूकता मात्र कमी असते. कोणतीही पद्धत घेतली, तरी यशापयश ठरते ते नमुना घेण्याच्या क्षणी. पान तोडले की ते सुकू लागते आणि सुकणाऱ्या पानात ॲबसिसिक आम्ल लगेच वाढते. तोडलेली पाने पिशवीत भरून प्रयोगशाळेपर्यंत चालत गेलात, तर मोजले जाईल ते तुमच्या चालण्याचे ॲबसिसिक आम्ल, मिठाचे नव्हे. पान तोडताच ते द्रव नत्रात बुडवावे आणि उणे ८० अंश सेल्सिअसला साठवावे. मीठ दिल्यानंतर काही तासांनी, एका दिवसाने आणि आठवड्याने असे किमान तीन वेळा नमुने घ्यावेत, कारण पहिला उसळलेला आकडा आणि स्थिरावलेला आकडा यांचे अर्थ वेगळे असतात.

ज्यांना हे शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो मला शिकण्याच्या दृष्टीने अधिक आवडतो : संप्रेरकाची वाट अडवून पाहणे. उगवण चाचणीत पॅक्लोब्युट्राझोल घालून जिबरेलिनची निर्मिती थांबवावी. नॅनो गटाचा लाभ तेव्हा नाहीसा झाला आणि बाहेरून जिबरेलिक आम्ल देताच परत आला, तर त्या लाभाची वाट जिबरेलिनमधून जाते, असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. ॲबसिसिक आम्लासाठी त्याची निर्मिती रोखणारे फ्लुरिडोन आणि इथिलीनसाठी त्याचा निरोप अडवणारे सिल्व्हर थायोसल्फेट असेच वापरता येते. प्रत्येक अडथळ्याचा नुसता गटही ठेवावा, कारण हे पदार्थ स्वतःही रोपाला त्रास देतात.

पायरी आठवी : निकाल वाचताना

‘नॅनोकणांनी ॲबसिसिक आम्ल वाढवले, म्हणून सहनशीलता वाढली’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी थांबावे. मीठ नसलेल्या कुंड्यांतही ते वाढले आहे का, हे आधी पाहावे. तसे असेल आणि मुळेही आखूड झाली असतील, तर कण स्वतःच ताण देत आहेत. ॲरॅबिडॉप्सिसवरील २०१७ च्या एका अभ्यासात झिंक ऑक्साइडच्या वाढत्या मात्रेबरोबर शेंड्यातील सायटोकायनिन आणि ऑक्झिन घटले, तर ॲबसिसिक आणि सॅलिसिलिक आम्ल वाढले होते. हे चित्र विषबाधेचे आहे. याउलट मिठाच्या कुंड्यांत ॲबसिसिक आम्ल कमी झाले, पानातील पाणी टिकले आणि सोडियमही कमी साठला, तर रोपापर्यंत ताणच कमी पोहोचला, असा अर्थ निघतो. एकच आकडा दोन दिशांनी वाचता येतो. दिशा ठरते ती शेजारच्या मोजमापांवरून.

थोडासा आघात रोपाला सावध करतो आणि पुढच्या मोठ्या आघाताला ते अधिक चांगले तोंड देते, हेही घडते. पण असा दावा करायचा, तर तो लाभ शेंगांच्या वजनात दिसावा लागतो. आठव्या दिवशीच्या कोंबाच्या लांबीवरून तो करता येत नाही.

पायरी नववी : शेताकडे जाण्याआधी

कुंडीतील यश घेऊन लगेच शेतात जाऊ नये. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो आणि त्यात मातीत टाकलेले जस्त लवकर अडकून बसते, म्हणून बियावाटे किंवा पानांवाटे देण्याचा विचार सयुक्तिक आहे. मात्र त्यासाठीही हिशेब हवा. नॅनो युरिया या द्रवरूप नत्रखताचा समावेश २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात झाला, तेव्हा त्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नत्र होते, तर ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २० किलोहून अधिक. बाटली गोणीची जागा घेते असे म्हणणाऱ्याने उरलेले नत्र पिकाला कोठून मिळते, ते दाखवले पाहिजे. ‘संप्रेरके उत्तेजित होतात’ हे त्याचे उत्तर असेल, तर वरच्या सर्व पायऱ्या त्याच्याकडूनही अपेक्षित आहेत.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनोआधारित कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती वाचून आणि मार्गदर्शकांच्या संमतीनेच शेतातील चाचणीचा आराखडा करावा. अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था बारामतीजवळ माळेगाव येथे आहे आणि राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. आराखडा तेथील जाणकारांना दाखवून त्यावर त्यांचे मत घेता आले, तर अवश्य घ्यावे.

प्रयोग संपल्यावर उरलेले निलंबन मोरीत ओतू नये. ते नाव आणि तारीख लिहिलेल्या बरणीत साठवून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यावे. कुंड्यांतील माती बागेत पसरू नये, ती वेगळी ठेवावी. आणि झाडांना घाटे धरले असतील, तर ते जस्ताच्या तपासणीसाठी वाळवून ठेवावेत. प्रयोगशाळेत येणाऱ्या-जाणाऱ्यांना हिरवा हरभरा सोलून खाण्याचा मोह होतो, म्हणून कुंड्यांवर ‘खाऊ नये’ अशी पाटी पहिल्या दिवसापासून लावावी.